बंद केमिकल कारखान्याच्या जागेवर वस्ती उभी करायचीय? मग सौद्याआधी हे वाचा

ठाण्यात पोखरण रोड, कोलशेत, मुंबईत भांडुप, कांजूर, कुर्ला, तिकडे पिंपरी-चिंचवड, सगळीकडे हेच चाललंय. कारखाना बंद पडतो, काही वर्षं गेटला कुलूप असतं, आत गवत माजतं आणि मग एक दिवस तिथे टॉवरचं होर्डिंग लागतं. त्या मधल्या काळात जमिनीखाली काय आहे हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ते ब्रोकरला विचारतात, मग काय उत्तर मिळणार!

मी अशाच एका जागेच्या कामात साइट आणि परवानग्या दोन्ही बाजूंना होतो. घरं, दुकानं, थोडी ऑफिसं, बालवाडी, बाग, सांडपाण्याचा पुनर्वापर, असा सगळा "ग्रीन" प्लॅन होता. तेव्हा मराठीत एका जागी लिहिलेलं काही मिळालं नाही म्हणून हे लिहितोय. छोटा बिल्डर असाल, आर्किटेक्टच्या ऑफिसात नवीन असाल किंवा चार लोक मिळून जागा घेताय, तुमच्यासाठी. एकच गोष्ट धरून ठेवा: लेआउट मातीच्या रिपोर्टवरून काढायचा, आधी लेआउट काढून माती त्यात बसवायला जायचं नाही. बाकी सगळं याच्यातूनच येतं.

(कचरा डेपोची जागा असेल तर तो वेगळा विषय आहे, तिथला गॅस, खचणं, नियम सगळंच वेगळं. इथे फक्त कारखान्याच्या जागेचं बोलतोय.)

१. आधी जागेचा इतिहास काढा, पैसे नंतर

कारखान्यात काय बनायचं एवढं पुरत नाही. कच्चा माल काय यायचा, सॉल्व्हंट (विरघळवायला-धुवायला वापरतात ते द्रव) कोणते, टाक्या जमिनीवर होत्या का जमिनीखाली, ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) कुठे होता, गाळ कुठे सुकवायचे, बॉयलरची राख कुठे टाकायचे, ट्रान्सफॉर्मर कुठे होता, हे सगळं हवं. गुगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात, त्यात शेड कधी आली कधी गेली, कुठे काळा डाग आहे, कुठे तळं होतं आणि नंतर भरलं, बरंच कळतं.

सगळ्यात चांगली माहिती मात्र कागदात नाही, जुन्या कामगारांकडे असते. जवळच्या चाळीत किंवा कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर विचारा, कोणीतरी मामा भेटतातच. आम्हाला एक ऑपरेटर भेटले, तीस वर्षं तिथे काढलेली, ते आत आले आणि सरळ कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबापाशी जाऊन म्हणाले, "साहेब, ड्रम इथे धुवायचो, आणि पाणी इथूनच मागे जायचं." कुठल्याच नकाशात ती जागा नव्हती. पुढे मातीच्या नमुन्यांसाठी मारलेला सगळ्यात वाईट बोअर तिथलाच निघाला. अशा माणसांना मान द्या, गाडी पाठवा, दिवसाचे पैसे द्या, आणि त्यांच्या देणीचा वाद चालू असेल तर त्यात तुम्ही तोंड घालू नका.

२. मालकी आणि झोनचे कागद

हे वकिलाचं काम आहे पण तीन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. एक, झोन औद्योगिक असेल तर निवासी वापराची परवानगी लागते, ज्याला सगळे आय टू आर म्हणतात, त्यात सुविधांसाठी जागा सोडावी लागते आणि ती तुमच्या हिशोबातून जाते. दोन, बंद कारखाना असेल तर कामगारांची देणी भागल्याचं कामगार आयुक्तांचं ना-हरकत, हे अडलं की वर्षं जातात. तीन, यूएलसी, म्हणजे शहरी जमीन कमाल धारणा कायदा. तो महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला म्हणून लोक निवांत असतात, पण कलम २० ची सूट घेतलेल्या जमिनींवर त्या सुटीच्या अटी चिकटलेल्या असतात, जुना आदेश मागून वाचा.

जमवायचे कागद, विकणाऱ्याकडून लेखी मागा:

- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सगळे फेरफार, डीपी अभिप्राय (विकास आराखड्यात जागा कशासाठी दाखवलीय ते), यूएलसीचे आदेश
- एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) सगळ्या संमती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. दर संमतीत उत्पादनांची यादी असते, तीच तुमची केमिकलची यादी
- घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशन, वार्षिक रिटर्न (फॉर्म ४) आणि कचरा पाठवल्याचे मॅनिफेस्ट (फॉर्म १०)
- दरवर्षीचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५
- जमिनीखालच्या टाक्या असतील तर स्फोटक विभागाचं लायसन्स, त्याच्यासोबतच्या नकाशात टाकीची जागा असते
- फॅक्टरी इन्स्पेक्टरने मंजूर केलेले जुने नकाशे
- कामगार आयुक्तांचं पत्र

यातला फॉर्म ४ आणि मॅनिफेस्ट एकमेकांशी ताडून बघा. वर्षाला अमुक टन गाळ तयार होतो असं लिहिलंय आणि बाहेर गेलेल्या गाळाचे मॅनिफेस्ट त्याच्या निम्मेच आहेत, तर बाकीचा गाळ गेला कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही, तुम्ही त्याच्यावरच उभे असता.

३. सौदा कसा करायचा

तपासणी होईपर्यंत पक्का करार करू नका, एमओयू (प्राथमिक समजुतीचा करार) करा, त्यात मातीची तपासणी करू देण्याची अट टाका आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा होईल असं कलम घाला. विकणारा तपासणीलाच नाही म्हणत असेल तर तेच उत्तर समजा आणि उठा.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले, ते वकिलाला वाचायला लावा कारण बऱ्याच जणांना अजून माहीतच नाहीत. थोडक्यात असं की जिल्हा प्रशासन दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती देणार, प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करणार, जागा दूषित ठरली तर ती जाहीर होणार, वापरावर बंधनं येणार आणि सफाईचा खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून घ्यायचा. ऐकायला छान आहे, पण घाण करणारी कंपनी बंद पडलेली असली की पत्रव्यवहार तुमच्याशीच सुरू होणार हे ध्यानात ठेवा. म्हणून विकणाऱ्याकडून जुन्या प्रदूषणाची जबाबदारी लेखी घ्या आणि थोडे पैसे एस्क्रोमध्ये (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) अडकवून ठेवा.

४. पाडकामाकडे दुर्लक्ष नको

भंगारवाला एकरकमी पैसे देऊन सगळं उचलतो, बरं वाटतं. पण तोच गॅसकटरने टाक्या कापतो आणि आतलं उरलंसुरलं जमिनीवर ओततो, आणि तुमचा स्वच्छ कोपराही घाण होतो. टाक्या, पाइप, गटारं आधी रिकामी करून घ्या, तो माल घातक कचरा म्हणून पाठवा, मगच भंगार. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे अॅस्बेस्टॉस, ते फोडायचे नाहीत, पाणी मारून, नट सोडवून अख्खे उतरवायचे आणि गुंडाळून ठेवायचे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पीसीबीसाठी (अशा तेलात असू शकणारं विषारी रसायन) टेस्ट करा.

फरशी मात्र लगेच उखडू नका. पावसात ती फरशीच खालच्या मातीवर छत्री धरून असते, माती तपासून होईपर्यंत राहू द्या.

५. मातीचे नमुने: इथे पैसे वाचवायला जाऊ नका

पाया बघायला जिओटेक वाले येतात त्यांच्याच बोअरमधून माती घेऊन लॅबला देतात, हा नेहमीचा जुगाड. तो चालत नाही, कारण त्यांच्या ड्रिलिंगला पाणी वापरतात, सॉल्व्हंट धुऊन जातो आणि माती दिवसभर उन्हात पेटीत पडलेली असते.

बरोबर पद्धत अशी: सबंध प्लॉटवर चौकटी आखून सरसकट बोअर, आणि त्याशिवाय संशयाच्या जागी (टाकी, ईटीपी, ड्रम धुण्याची जागा, ट्रान्सफॉर्मर) वेगळे बोअर. प्रत्येक बोअरला वरचा भराव, त्याखालची नैसर्गिक माती, आणि मुरूम किंवा पाणी लागतं त्याच्या जरा वर, असे किमान तीन थर. आमच्याकडे कोअर उघडला की वर विटांचे तुकडे-राख, मग तपकिरी माती, आणि मध्येच बोटभर काळा चकचकीत पट्टा, वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. असा पट्टा दिसला की नमुना नेमका पट्ट्यातून घ्या, वरखालची माती मिसळून नाही. आणि मुद्दाम वास घेत बसू नका, पीआयडी मीटर (सॉल्व्हंटची वाफ मोजणारं यंत्र) भाड्याने आणा: झिपच्या पिशवीत अर्धी माती भरायची, बंद करून दहाएक मिनिटं ठेवायची, पिशवीला मीटरचं टोक टोचायचं, आकडा उडाला की तो थर लॅबला.

साइटवर लागतं ते: पीआयडी मीटर, नायट्राइल हातमोजे (दर नमुन्याला नवीन), टेफ्लॉनच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या, बर्फाची पेटी, न पुसणारा मार्कर, चेन ऑफ कस्टडीचे फॉर्म (नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद), जीपीएस, आणि बोअर परत बुजवायला बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती). हे शेवटचं विसरतात आणि मग त्याच भोकातून वरची घाण खाली झिरपते.

नेहमीचे सापळे:

- पाच नमुने एकत्र करून एकच टेस्ट. पैसे वाचतात, पण एक भयंकर जागा चार चांगल्या जागांत विरघळून जाते. सॉल्व्हंट तर कालवतानाच उडून जातात.
- प्लॅस्टिकच्या पिशवीत माती, गाडीच्या डिकीत, मे महिना. लॅबचा रिपोर्ट सुंदर येतो, सगळं निल.
- विहिरीचं पाणी एकदाच तपासणं. आपल्याकडे पाण्याची पातळी मेमध्ये तळाला आणि पावसानंतर वर, दोन्ही वेळा बघा. बेसॉल्टमध्ये पाणी फटींतून वाहतं, त्यामुळे उतार इकडे म्हणजे घाणही इकडेच गेली असं गृहीत धरू नका.
- डिझेल पाण्यावर तरंगतं, पण ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनवाले सॉल्व्हंट पाण्याहून जड, ते खाली बसतात. वरवरचं पाणी घेऊन ते सापडणार नाहीत.

६. रिपोर्ट वाचायला शिका

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली हवीच, पण नुसता लोगो बघू नका, तुम्हाला हवी ती टेस्ट तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत, आहे का ते बघा. आमच्या एका रिपोर्टमध्ये ओळीने बीडीएल बीडीएल लिहिलेलं होतं, सगळे खूश. बीडीएल म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली, आणि लिमिट बघितलं तर ते आपल्याला लागणाऱ्या मर्यादेच्या वर! म्हणजे मर्यादेच्या दुप्पट विष असतं तरी बीडीएलच आलं असतं. टेस्ट देतानाच लॅबला डिटेक्शन लिमिट लेखी विचारा. आणि एकच माती दोन वेगळ्या नावांनी पाठवा, आकडे जुळले नाहीत तर फोन उचला.

दुसरी गोष्ट खास आपल्या दख्खनची. काळ्या कातळाच्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. परदेशी तक्त्याशी ताडलं की शेतातली माती पण प्रदूषित निघते. म्हणून कारखान्यापासून लांब, त्याच खडकाच्या स्वच्छ जागेचे नमुने घ्या आणि त्यांच्याशी तुलना करा. क्रोमियम असेल तर टोटल आणि हेक्झाव्हॅलंट दोन्ही वेगळे मागा, खरी भीती हेक्झाव्हॅलंटची.

७. किती साफ करायचं हे आधी ठरवा

आपल्याकडे बरेच सल्लागार डच मर्यादा, म्हणजे हॉलंडने मातीसाठी ठरवलेले आकडे, वापरतात. त्यामागे गोष्ट आहे, हॉलंडमध्ये लेकरकर्क नावाच्या गावात १९८० च्या सुमाराला नव्या घरांखालच्या भरावात पुरलेले केमिकलचे ड्रम निघाले, दोनशेच्या वर घरं रिकामी करावी लागली, आणि त्यातून त्यांचा माती सफाईचा कायदा उभा राहिला. मर्यादा वापराप्रमाणे बदलते, जिथे पोरं मातीत खेळणार तिथे कडक, जिथे वर काँक्रीटचं पार्किंग येणार तिथे थोडी सैल.

हा आकडा मंडळाशी बोलून लेखी ठरवून घ्या, नाहीतर काम संपल्यावर वाद. कोडईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं बघा, तो २००१ मध्ये बंद झाला, पण मातीत पारा किलोला २० मिलीग्रॅम चालेल का त्याहून खूप कमी हवा यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं.

८. सफाई

सल्लागार सांगेलच, पण ढोबळ माहिती असलेली बरी. डिझेल-ऑइलची माती ढीग लावून, ओलावा आणि नत्र देऊन, वरखाली करत जिवाणूंकडून साफ होते, स्वस्त पण वेळखाऊ आणि जागा अडवणारी. सॉल्व्हंट व्हॅक्यूमने खेचून कार्बनमध्ये पकडतात. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला फेरस सल्फेट देऊन कमी विषारी रूपात आणतात. जड धातूंची माती सिमेंटमध्ये बांधतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिक पार्कला तर साइटवरच माती धुवायची यंत्रं उभी केली होती आणि बहुतेक माती तिथेच परत वापरली.

आपल्याकडे मात्र पहिला विचार "उचला आणि तळोज्याला पाठवा" हाच येतो. मुंबई-ठाण्याला तळोजा, पुण्याला रांजणगाव, नागपूरला बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं आहेत. थोडी आणि फार वाईट माती असेल तर तेच करा, पण सगळीच उचलायला गेलात तर खर्चाने कंबरडं मोडेल. ट्रक झाकलेला, चाकं धुतलेली, मॅनिफेस्टची केंद्राकडून सही होऊन आलेली प्रत हातात आल्याशिवाय ट्रान्सपोर्टरचं बिल पास करायचं नाही. कोणी निम्म्या दरात माती नेतो म्हणाला तर ती खाडीकिनारी किंवा कोणाच्या तरी शेतात जाणार हे उघड आहे, आणि सापडलं की नाव तुमचं.

खोदाई ऑक्टोबर ते मे एवढीच. पावसात उघडा खड्डा म्हणजे दूषित पाण्याचा तलाव, आणि ते पाणी पंप लावून पालिकेच्या गटारात सोडता येत नाही. भरावाला बाहेरून येणारी माती पण तपासून घ्या, दुसऱ्या कारखान्याचं पाडकाम तुमच्याकडे यायला वेळ लागत नाही.

९. आता लेआउट

इथे आर्किटेक्टला माझी विनंती, "ग्रीन" गोष्टींची ठराविक यादी इथे जशीच्या तशी लावू नका, काही गोष्टी उलट्या पडतात.

रिचार्ज पिटचंच, म्हणजे पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्याचंच, उदाहरण बघा. एरवी चांगलीच गोष्ट, पण दूषित मातीत पावसाचं पाणी मुरवलं की ते घाण घेऊन सरळ भूजलात. छपराचं पाणी टाक्यांत साठवा आणि वापरा, मुरवायचंच असेल तर फक्त स्वच्छ ठरलेल्या भागात, आणि ही गोष्ट नकाशे दाखल करतानाच लेखी मांडा, नाहीतर ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) वेळी "पिट कुठेय" म्हणून अडवतात.

बेसमेंट टाळा. जास्त खोदाई, जास्त घातक माती, वर सतत पाणी उपसणं, आणि सॉल्व्हंट असेल तर त्याची वाफ बंद तळघरात साचते. जमिनीवर पोडियम पार्किंग, बाजू उघड्या, वारा खेळता, त्यावर घरं, हे सगळ्यात बरं. तळमजल्याला दुकानं किंवा ऑफिस असेल तर स्लॅबखाली मेम्ब्रेन (वाफ अडवणारा पडदा) आणि वाफ वर काढायचे पाइप आधीच टाका, नंतर फरशी फोडून टाकणं म्हणजे शिक्षा.

बालवाडी, खेळाचं मैदान, बाग सगळ्यात स्वच्छ तुकड्यावर. बऱ्या-वाईट तुकड्यावर रस्ता, पार्किंग, एसटीपी (घरांचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), सबस्टेशन. भाजीचे वाफे उंच, तळ बंद, बाहेरच्या मातीचे. जिथे खाली दूषित माती ठेवून वर स्वच्छ थर टाकला असेल तिथे मध्ये भगव्या रंगाचं जिओटेक्स्टाइल अंथरा, म्हणजे उद्या कोणी खणलं तर रंग दिसल्यावर थांबेल.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोललो, इथेही बोलतो. मोठ्या प्लॉटवर छोट्या घरांचा वाटा द्यावा लागतो, आणि ती बिल्डिंग हमखास मागच्या कोपऱ्यात, म्हणजे जुन्या ईटीपीच्या डोक्यावर ढकलली जाते. नकाशावर ते सोयीचं दिसतं पण हा सरळ सरळ अन्याय आहे. तो कोपरा पार्किंगला द्या.

बाकी चांगल्या गोष्टी बिनधास्त करा. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला, कॅनडात व्हिक्टोरिया शहरात डॉकसाइड ग्रीन नावाची वस्ती अशाच जुन्या औद्योगिक जमिनीवर आहे, तिथे शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशला वापरतात आणि वस्तीतून वाहणाऱ्या ओढ्यातही सोडतात. ओल्या कचऱ्याचं खत, छपरावर सोलर, जुनं काँक्रीट तपासून फोडून रस्त्याच्या खाली. जुनी चिमणी मजबूत असेल तर ठेवा, पाडायला लागतात त्यापेक्षा कमी पैशात परिसराला ओळख मिळते. जुन्या झाडांना वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण त्यातली बरीच झाडं लेआउट थोडा वळवला की वाचतात.

१०. परवानग्या, पटकन

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, अर्ज परिवेश पोर्टलवर. तिथे माती-पाण्याचा रिपोर्ट आणि सफाईचा प्लॅन स्वतःहून जोडा, लपवलात आणि कमिटीने जुना नकाशा काढला तर पुढची प्रत्येक मीटिंग जड जाते. एमपीसीबीची संमती वेगळी, पालिकेची बांधकाम परवानगी वेगळी, नंतर महारेरा. हे क्रमाने होईल असं समजू नका, दोन-तीन फायली बरोबरच फिरत असतात, म्हणून सगळीकडे क्षेत्रफळाचा आकडा एकच गेलाय ना हे बघणारा एक माणूस ठेवा.

११. सोसायटीला ताबा देताना

बिल्डर निघून जातो आणि जमिनीखालचं सोसायटीकडे राहतं. म्हणून ताब्याच्या फायलीत हे हवंच: कुठे काय ठेवलंय आणि किती खोलीवर, याचा नकाशा, मंडळाचं शेवटचं पत्र, निरीक्षण विहिरींच्या (भूजल तपासायला ठेवलेल्या) किल्ल्या आणि पाणी तपासायचं वेळापत्रक, वाफेच्या पाइपांचं ड्रॉइंग. फ्लॅटच्या करारातही चार ओळी साध्या मराठीत लिहा की ही जागा पूर्वी कारखान्याची होती, अशी साफ केली, इथे बोअरवेल मारायची नाही. विक्री विभाग विरोध करणारच, पण लोकांना शेजारच्या चाळीतून कळतंच, तुमच्याकडून कळलेलं परवडतं.

पाणी तपासणीचा खर्च पहिल्या काही वर्षांसाठी कॉर्पसमधून (सोसायटीच्या राखीव निधीतून) वेगळा काढून ठेवा, एजीएमला (वार्षिक सभेवर) सोडलात तर दुसऱ्याच वर्षी रद्द होतो. आणि नकाशाची एक प्रत लॅमिनेट करून पंपरूममध्ये भिंतीला लावा, कारण खड्डा खणणारा प्लंबर आणि नारळ लावायला निघालेले सेक्रेटरी, दोघेही ऑफिसातली फाइल उघडत नाहीत.